आंबा-फणसाचा पातेरा वर्षभरात कुजला नाही. पावसाआधी काय करावे?

माडाखाली :

ठिकाण गोव्यातला फोंडा तालुका, घर डोंगराच्या पायथ्याशी. भोवती साधारण ६०० चौरस मीटर परस. त्यात दोन रायवळ आंबे, एक फणस, फाटकाजवळ देशी बदाम, सहा माड आणि मागच्या चढावर पाच काजू. डिसेंबरपासून सुरू झालेली पानगळ अजून थांबलेली नाही. दिवसाआड झाडले तरी दर वेळी सहा-सात पोती पातेरा निघतो.

गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कोपऱ्यात चिऱ्यांचा हौद आहे. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १ मीटर, सांधे सिमेंटने भरलेले. गेल्या मार्चमध्ये तो गच्च भरला. दर पंधरा दिवसांनी वरून बादलीभर शेणकाला ओतला, पावसात ताडपत्री घट्ट बांधली. आता उकरला तर वरची वीतभर पाने जशीच्या तशी, मधला थर काळा, चिकट आणि आंबूस वासाचा, तळाला वाळवी. पंचायतीची गाडी पाला नेत नाही आणि जाळायचा तर अजिबात नाही. चूक नेमकी कुठे झाली? आणि जूनच्या आत अंगण, पन्हळी, विहीर हे सगळे कोणत्या क्रमाने साफ करावे?

चिरेबंदी :

आपल्याकडे पानगळ येते ती कोरड्या महिन्यांत आणि मग जूनपासून चार महिन्यांत साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्यामुळे ढिगाला उन्हाळ्यात पाणी मिळत नाही आणि पावसाळ्यात हवा मिळत नाही. कुजवणाऱ्या बुरशी-जिवाणूंना दोन्ही एकाच वेळी लागतात. तुमच्या हौदात वरचा थर कोरडा राहिला म्हणून टिकला आणि मधला गुदमरला म्हणून आंबला. सांधे बुजवलेल्या चिऱ्यांतून हवा आत जात नाही, वरून ताडपत्री घट्ट, मग दुसरे काय होणार?

त्यात पाने कसली, तेही बघा. आंबा, फणस आणि काजू या तिन्हींच्या पानांवर मेणचट थर असतो. ओतलेले पाणी त्यावरून ओघळून तळाला जाते, पान आतून कोरडेच राहते. शिवाय कूज मंदावणारे टॅनिन आणि लिग्निन जास्त. म्हणून ही पाने अख्खी टाकायचीच नाहीत, तुकडे करूनच टाकायची. कापलेल्या कडेतून पाणी आणि बुरशी आत शिरतात. गवत कापायचे यंत्र असेल तर कडक वाळलेला पाला हिरवळीवर ५ ते ७ सेंटीमीटर जाडीत पसरून त्यावरून दोनदा फिरवा. खडी किंवा चिऱ्याचे खडे असलेल्या जागेवर हे करू नका, पाते जाते आणि खडा गोळीसारखा उडतो. यंत्र नसेल तर २०० लिटरच्या पिंपात एक तृतीयांश पाला घालून दोरीच्या गवतकापणीने (स्ट्रिंग ट्रिमरने) घुसळा. डोळ्यांवर चष्मा हवाच. १०० किलो सुका पाला अख्खा असताना सुमारे २ घनमीटर जागा खातो, तुकडे केल्यावर पाऊण घनमीटरच्या आसपास. म्हणजे १०० किलोंना तुमचा एकच हौद पुरतो.

आता शेणाचे गणित, कारण बहुतेकांचे इथेच चुकते. सुक्या पाल्यात कर्ब (कार्बन) आणि नत्राचे (नायट्रोजनचे) प्रमाण ढोबळमानाने ५० ला १ असते. ढीग तापायला ते ३० ला १ च्या आसपास यावे लागते. ताज्या शेणात ८० टक्के पाणीच. नुसत्या शेणाने ही तूट भरायची तर १०० किलो पाल्याला ६०० किलोंहून अधिक शेण लागेल. बादलीभर काल्यात शेण दोन-तीन किलो. ते विरजण म्हणून चालते, पोट भरायला पुरत नाही. पोट भरायला गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) कोवळा पाला घ्या. कुंपणाला असतोच, छाटला की पुन्हा फुटतो. १०० किलो सुका पाला, १०० किलो ताजे शेण आणि ८० किलो ओला गिरिपुष्प असे धरले तर प्रमाण ३३ ला १ येते. एवढे पुरे. गिरिपुष्प नसेल तर ५० किलो शेण आणि १ किलो युरिया, प्रमाण तेवढेच येते.

पाणी साधारण पाल्याच्या वजनाइतके, निथळणारे धरून दीडपट. १०० किलोला १५० लिटर. वरून ओतू नका. तुकडे केलेला पाला आदल्या रात्री पिंपात किंवा ताडपत्रीच्या खळग्यात भिजत घाला आणि सकाळी निथळून भरा. मूठभर घेऊन पिळला की बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसावेत. धार लागली तर जास्त झाले, हात कोरडा राहिला तर कमी.

हौदाच्या भिंतीत दर ३० सेंटीमीटरवर मुठीएवढी भोके पाडा, किंवा समोरची भिंत उतरवून चिरे फटी ठेवून पुन्हा रचा. दुसरा मार्ग कोंबड्यांच्या जाळीचा. सव्वातीन मीटर लांबीची जाळी गोल वळवली की १ मीटर व्यासाचा पिंजरा होतो. तळाला नारळाची सोडणे १५ सेंटीमीटर, त्यावर पाला २० सेंटीमीटर, मग गिरिपुष्पाचा थर, वर शेणकाला आणि ओंजळभर बागेतली माती, पुन्हा पाला. मध्ये भोके पाडलेला ११० मिलिमीटरचा पाइप उभा ठेवा. राख किंवा चुना यात घालू नका. आपल्याकडे सवयीने टाकतात, पण त्याने शेण-युरियातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो, डोळे चुरचुरतात तो वास त्याचाच.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून १० मिनिटे ठेवा. बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर आत ५५ अंशांच्या वर आहे, काम चालू आहे. कोमट लागली तर पाणी किंवा नत्र कमी. १०, २५ आणि ४० व्या दिवशी ढीग उलटा, बाहेरचे आत आणि आतले बाहेर. २० मार्चला भरला तर एप्रिलअखेर तिन्ही उलटण्या होतात आणि पाऊस लागेपर्यंत मुख्य कूज आटपते. पुढे जून ते सप्टेंबर तो नुसता मुरतो. ताडपत्री मात्र ढिगाला लपेटू नका. बांबूच्या चौकटीवर हातभर उंच बांधा, पत्रा किंवा विणलेली चुडते (माडाच्या झावळ्या) घातली तरी चालतील. पाणी आत नको, वारा हवा.

आता निघालेला काळा चिकट थर सावलीत दोन दिवस पसरून ठेवा. वास उतरला की त्याच्या एका पाटीला सुका पाला तीन पाट्या असा नव्या ढिगात मिसळा. थेट झाडांना घालू नका, आंबलेल्या खताने कोवळी मुळे जळतात.

पोफळीचा चौक :

वरचे सगळे बरोबर, फक्त युरियाबद्दल माझे मत वेगळे. आपली जांभ्याची माती आधीच आम्ल, युरियाने आम्लता वाढते. एखाद्या वर्षी ठीक, दर वर्षी तोच मार्ग धरू नका. कुंपणाला गिरिपुष्पाच्या २० फांद्या जूनमध्ये खोचा, प्रत्येकी मीटरभर लांब आणि अंगठ्याहून जाड. दोन वर्षांत नत्राचा प्रश्न सुटतो.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. तुमच्याकडे सहा माड आहेत आणि तुम्ही शेण-पाल्याचा ढीग करणार. गेंड्या भुंग्याला अंडी घालायला याच्याइतकी आवडती जागा नाही. अळी ढिगात तीन-चार महिने वाढते, मग भुंगा होऊन माडाच्या कोंबात शिरतो. पुढे ते चुडत उलगडले की कात्रीने पंख्यासारखे कापलेले दिसते. लहान माडाचा कोंबच खाल्ला तर माड मरतो. म्हणून ढीग तीन महिने न हलवता ठेवायचा नाही. पावसाळ्यातही जुलैच्या अखेरीस आणि सप्टेंबरमध्ये एकदा उलटा आणि अळ्या वेचा. अंगठ्याएवढी जाड, पांढरी, अर्धचंद्रासारखी वळलेली, डोके तपकिरी. मात्र ढिगात दिसणारी प्रत्येक पांढरी अळी वैरी नसते. फुलभुंग्याची अळी सपाट जागेवर ठेवली की पाठीवर पडून सरपटते. ती कूज करणारी आहे, तिला परत ढिगात सोडा. पायांवर किंवा कुशीवर वळवळणारी काढा. मोठा ढीग असेल तर मेटारायझियम बुरशी मिसळा, ती या अळ्यांना रोग लावते. जुने गोवे (एला) येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या (आयसीएआर) केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत याची माहिती मिळते.

आणि सगळेच गळलेले ढिगात नको. पोफळी असतील तर कोळेरोगाने (पावसातल्या फळसडीने) पडलेल्या सुपाऱ्या आणि त्यांचे घोस वेगळे काढा. पावसातला ढीग थंड असतो, त्यात हा रोग मरत नाही. किडके गळके आंबे पाल्यात मिसळले तर फळमाशी तिथेच कोष करते. ते दर दुसऱ्या दिवशी गोळा करून दोन फूट खोल पुरा.

खराटा :

झाडण्याच्या क्रमाबद्दल कोणी लिहिले नाही. आधी वरचे, मग खालचे : छप्पर, पन्हळी, स्लॅब, त्यानंतर अंगण, शेवटी गटार. उलट केले की अंगण दोनदा झाडावे लागते.

सगळी जमीन झाडायची गरज नाही. अंगण, पायवाट, गटार, विहिरीचा काठ आणि काजूखालची जागा एवढीच स्वच्छ हवी. काजूखाली पाचोळा राहिला तर मार्च ते मेपर्यंत बिया सापडत नाहीत, आणि चढावर वाळलेला पाला म्हणजे वणव्याचे इंधन. तिथे रानाच्या बाजूने दोन मीटर रुंद पट्टा पूर्ण साफ ठेवा. आंबा-फणस आणि माडाखाली मात्र उघडी लाल माती दिसेल असे झाडू नका. खराट्याने पानांबरोबर वरची चांगली माती दर वेळी निघते, उरलेली उन्हात टणक होते आणि जूनचा पहिला पाऊस तिच्यावरून लाल पाणी होऊन वाहतो. तिथे ८ ते १० सेंटीमीटर पाला राहू द्या. माडाला बुंध्यापासून १.८ मीटर त्रिज्येच्या आळ्यात पसरा. कोणत्याही झाडाच्या खोडाला टेकवू नका, आंब्याला हातभर मोकळे सोडा. पाल्याखालून वाळवी मातीचे बोगदे करीत सालीवर चढते. नवीन कलमांना ती खरोखर मारते, मोठ्या झाडाच्या सालीवर असली तर खरडून काढली की पुरे. वाऱ्याने उडू नये म्हणून वरून पातळ शेणकाला शिंपडा.

हत्यारे तीन : चिऱ्याच्या फरशीला हिराचा खराटा, हिरवळीला आणि खडीला लवचिक दातांचा पंजा, आणि २ मीटर चौरस ताडपत्री. पाला पाटीत भरत बसू नका. ताडपत्रीवर ओढा, चार कोपरे धरा आणि फरफटत न्या. वेळ सकाळी नऊपर्यंतचा. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की झाडलेले पुन्हा पसरते. ब्लोअर असेल तर भिंतीकडून मोकळ्या बाजूकडे, आणि तोसुद्धा सकाळीच. लाल धूळ फार उडते, तोंडाला फडके बांधा. कुट्टी करायची असेल तर पाला दोन दिवस उन्हात ठेवून मग दुपारी करा, दवाने ओला असला की पात्याला चिकटतो.

पन्हळकोन :

पन्हळी मेच्या मध्यात, पहिल्या वळवाच्या सरीआधी. मंगळुरी कौलांवर चढू नका, कौले फुटतात आणि माणूसही पडतो. शिडी भिंतीला पक्की बांधून हाताने काढा. दोन उतार मिळतात तिथली पत्र्याची कोनपन्हळ सगळ्यात आधी बघा. तिथे पाला अडला की पाणी उलटे कौलाखाली चढते आणि वासे कुजतात. बदाम फाटकाजवळ आहे म्हणता, तर जूनच्या अखेरीस पुन्हा एक फेरी करा, त्याची थोडीफार पाने पावसातही गळतात. पन्हळीच्या तोंडाला सपाट जाळी लावू नका, एकच बदामाचे पान तिला झाकून टाकते. १ सेंटीमीटर भोकाच्या जाळीचा घुमट करून बसवा. मग दोन बादल्या पाणी ओतून खालून पूर्ण बाहेर पडते का बघा.

विहिरीवर शेडनेट ताणून बांधा. पडलेला पाला आठवडाभरही राहू देऊ नका, पाण्याला चहासारखा रंग आणि वास येतो. स्लॅबवर आणि गटारात पाल्यामागे साचलेले पाणी दर सात दिवसांनी मोकळे करा. डासाची अंडी ते डास हा प्रवास जेमतेम आठवड्याचा असतो.

डोंगरपायथा :

पायथ्याशी घर आहे म्हणून हे लिहितो, कृपया गांभीर्याने घ्या. वर्षभर न हललेला ढीग हाताने उकरू नका. घोणस पाचोळ्याच्या रंगात इतकी मिसळते की पायाशी असली तरी दिसत नाही, फुरसे चिऱ्यांच्या फटीत असते. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, लांब दांड्याचे दाताळे, आणि काम भर उजेडात. आधी दांड्याने ठोका, थांबा, मग वरून थर थर ओढा. झाडलेला पाला रात्रभर अंगणात ढीग करून ठेवू नका. दंश झालाच तर कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे यांपैकी काही करू नका. अंगठी-बांगड्या काढा, तो अवयव हलवू नका आणि १०८ ला फोन करा. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय किंवा जवळचे मोठे सरकारी रुग्णालय गाठा. तांत्रिक-मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

सत्तरीच्या बाजूला राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. काजूच्या हंगामात रानालगतच्या पाल्यात गोचिडी असतात आणि माकडतापाचा प्रसार त्यांच्यापासून होतो. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, पाल्यावर बसायचे नाही, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि आंघोळ लगेच. रानात माकड मेलेले दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

जाळत नाही हे उत्तम. राष्ट्रीय हरित लवादाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशानुसार उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर असल्यास २५,००० रुपये भरपाई आकारता येते. पाला जाळला की नत्र धुरात जातो, उरलेली राख पहिल्याच पावसात गटारात.

माडाखाली :

देव बरे करो. हौदाची समोरची भिंत उद्याच उतरवतो. दोन शंका राहिल्या. बदामाची पाने मोठी असली तरी पातळ वाटतात, तीही कुटायची का? आणि माडाची चुडते या ढिगात घालावीत का?

चिरेबंदी :

बदामाची पाने न कुटता चालतील, ती आंब्या-फणसाच्या आधी मऊ होतात. फक्त एकावर एक चिकटून पत्रावळीसारखे थर होऊ देऊ नका, त्या थरांतून पाणीही जात नाही आणि हवाही. कुटलेल्या पाल्यात विस्कटून मिसळा.

चुडताचा देठाकडचा जाड भाग ढिगात घालू नका, दोन वर्षे तसाच राहतो. तो वाळवून चुलीला, किंवा चढावर उताराला आडवे रचून मातीबंधाऱ्यासाठी. हीर खराट्याला काढून घेतले की उरलेल्या पात्या १० सेंटीमीटर तुकडे करून वेगळ्या ठेवा, त्यांचे गांडूळखत चांगले होते. पात्यांच्या वजनाच्या दहावा भाग शेण मिसळून दोन-तीन आठवडे ओल्या ठेवायच्या, गरमी उतरली की मगच गांडुळे सोडायची. गरम ढिगात सोडली तर मरतात किंवा पळतात. मुंग्या चढू नयेत म्हणून टाकीभोवती पाण्याची चर ठेवा.

पोफळीचा चौक :

सप्टेंबरमध्ये खत झाले की नाही हे रंगावरून ठरवू नका, काळे तर तुमचा मधला थरही होता. करवंटीला खाली भोक पाडून त्यात ओलसर खत भरा आणि १० मूग पेरा. दुसऱ्या करवंटीत तुलनेसाठी नुसती बागेतली माती आणि १० मूग. पाचव्या दिवशी खतातले आठ तरी उगवले आणि मुळे पांढरी असली तर मिरची-वांग्याला घाला. त्याहून कमी उगवले, किंवा मुळांची टोके तपकिरी दिसली, तर ढीग एकदा उलटून आणखी तीन आठवडे थांबा आणि मूग पुन्हा पेरा.